शिल्लक एक, हात दोन
खात्यात १००० रुपये. नवऱ्यानं एटीएममधून ३०० काढले, त्याच क्षणी बायकोच्या फोनवरून ५०० रुपयांचं वीजबिल गेलं. सर्व्हरवरच्या दोन थ्रेडनी शिल्लक वाचली. दोघांनाही १००० दिसले. एकानं ७०० लिहिले, दुसऱ्यानं त्यावरच ५०० गिरवले. उरायला हवे होते २००. ३०० रुपयांची वजाबाकी बेपत्ता! डेटाबेसवाले याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात. प्रकार नुसता पुस्तकी नाही. मार्च २०१४ मध्ये कॅनडातल्या ‘फ्लेक्सकॉइन’ या बिटकॉइन-पेढीवर चोरट्यांनी एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम हलवण्याच्या हजारो विनंत्या एकदम सोडल्या. शिल्लक अद्ययावत होण्याआधीच नसलेले पैसे वळते झाले, ८९६ बिटकॉइन गेले आणि पेढीला टाळं लागलं. यावर रूढ उपाय दोन. पहिला, नोंदीला कुलूप: ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ म्हटलं, की पहिल्याचं काम उरकेपर्यंत दुसरा दाराशी ताटकळतो. दुसरा, प्रत्येक नोंदीला आवृत्ती-क्रमांक: वाचताना ७ होता आणि लिहिताना ८ सापडला, तर लिखाण नाकारायचं आणि पुन्हा वाचायला लावायचं. एकाच नोंदीवर झुंबड उडत असेल तर कुलूप बरं. टक्कर क्वचितच होत असेल तर क्रमांक स्वस्तात पडतो.