मंत्रातली पिंपळी, मळ्यातली पिंपळी

श्रावणातील अखेरच्या सोमवारी अकोल्याच्या जुन्या शहरात पाय ठेवायला जागा नसते. गांधीग्रामला पूर्णेच्या पात्रातून जल भरून, कावडी खांद्यावर घेऊन रात्रभर अनवाणी चालत आलेले हजारो तरुण राजराजेश्वराला अभिषेक करण्यासाठी शहरात शिरतात, आणि महादेवाच्या जयघोषाने रस्ते दुमदुमून जातात. हा घोष नुसत्या गळ्याचा नाही. त्याच्या जोडीला खांद्यावरचे ओझे आहे, पायांतले फोड आहेत. मुखातील नाम आणि अंगावरचे काम यांची ही सांगड हिंदू उपासनेचा गाभा आहे. तिचा विसर पडला की मंत्राचा अर्थही हातून निसटतो.

वऱ्हाडाला हे कुणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेची घडी बसवली ती ग्रामसफाईच्या आणि ग्रामरचनेच्या कामासह. माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज अवघी ३४ वर्षे जगले. त्या अल्प आयुष्यात त्यांनी भक्तिशास्त्रावर विपुल लिहिले, तसाच ‘मानसायुर्वेद’ही लिहिला. नामस्मरण आणि रोगनिदान हे दोन परके प्रांत आहेत, असे त्यांना वाटले नाही.

आज मात्र दोन टोकांची माणसे दिसतात. मंत्र म्हणजे अर्थहीन पुटपुटणे, असे म्हणणारा एक सुशिक्षित वर्ग आहेच. त्याच्याशी वाद घालून झाला आहे, पुढेही घालता येईल. अधिक चिंता वाटते ती दुसऱ्या टोकाची. मंत्राची ध्वनिफीत लावली की औषधाची गरज नाही, असे श्रद्धाळूंच्या गळी उतरवणारे बुवा धर्माच्या नावावर दुकान चालवतात. त्यांना चरकाचा आधार नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. मंत्राला पहिल्या प्रकारात मानाचे स्थान आहे. पण योग्य आहार आणि योग्य औषधद्रव्य यांची योजना हा स्वतंत्र दुसरा प्रकार आहे. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असे आचार्यांनी म्हटलेले नाही. वनस्पती गोळा करणाऱ्याने शुचिर्भूत व्हावे, शुभ्र वस्त्र नेसावे, देवतांचे पूजन करून मगच ती घ्यावी, हे मात्र त्यांनी बजावून सांगितले. मंत्र इथे वनस्पतीला पर्याय म्हणून येत नाही. तो तिला हात लावणाऱ्याच्या हाताला वळण लावतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९७ वे सूक्त हे ओषधीसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या २३ ऋचांत वनस्पतींना माता म्हणून हाक मारली आहे. एवढे पुष्कळांना माहीत असते. परंतु त्याच सूक्तात ऋषी आणखी एक मागणे मागतो, आणि पाठ करणारेही त्यापाशी क्वचितच थांबतात. ज्याच्यासाठी मुळी खणायची त्या रुग्णाचे कल्याण तो इच्छितोच, पण मुळी खणणाऱ्यालाही अपाय होऊ नये अशी प्रार्थना करतो. औषध घेणाऱ्याआधी औषध मिळवणाऱ्याची आठवण ठेवणारी ही दृष्टी आहे.

अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात पिंपळीला उद्देशून एक छोटे सूक्त आहे. असुरांनी पुरलेली आणि देवांनी पुन्हा उकरून वर काढलेली वनस्पती, असे तिचे वर्णन त्यात येते. (पिंपळी म्हणजे पिंपळाचे झाड नव्हे, शहरातल्या मुलांना हे सांगावे लागते.) सुंठ आणि मिऱ्यांच्या जोडीने त्रिकटू पूर्ण करणारी ती हीच. चरकाने तिचे गुण गायिले आणि त्याबरोबरच पिंपळी, क्षार व मीठ या तिन्हींचे अतिसेवन करू नये, असा इशाराही दिला. स्तुती आणि मात्रा एकाच परंपरेत नांदतात, ती अशी.

आणि ही वेदातली पिंपळी कुठे दूर हिमालयात शोधायला नको. अकोल्याहून अकोटकडे जावे. सातपुड्याच्या पायथ्याशी अकोट, तेल्हारा आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात ती ‘पानपिंपरी’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या पिकवली जाते. नागवेलीचे पानमळे राखणाऱ्या बारी समाजाने हे पीक जपले. वेलीला चढण्यासाठी आधाराची झाडे लावायची, सावली सांभाळायची, उन्हाळ्यात ओल टिकवायची, मर लागली तर डोळ्यांदेखत वेल वाळताना पाहायची, आणि शेवटी एकेक फळ हाताने खुडून उन्हात वाळवायचे. या मळ्यात यंत्राला फारसा वाव नाही. सातपुड्याच्या पायथ्याला पाणी खोल गेले तसे हे पीक अधिकच जड झाले.

आपला समाज परंपरेचा अभिमान बाळगतो, तो रास्तच आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली एकस्व दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे समोर ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करवले. २००३ साली युनेस्कोने वैदिक पठणाची परंपरा जागतिक वारसा म्हणून गौरवली. हजाराहून अधिक शाखांपैकी जेमतेम तेराच उरल्याचे त्याच वेळी नमूद झाले, आणि धोक्यात असलेल्या नामवंत परंपरांत महाराष्ट्राचेही नाव होते. शाखा लोपली की पाठ लोपतो, हे आपल्याला कळते. मळा मोडला की त्या पाठातली वनस्पतीही जाते, हे तितक्या सहज का कळू नये? ग्रंथाने हळद एकस्वापासून वाचवली; अकोटचा वेल वाचवायला ग्रंथ पुरणार नाही.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० साली स्थापन झाले. अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्याच्या आवारात नागार्जुनाच्या नावाने औषधी वनस्पतींचे उद्यान आहे. विदर्भात वैद्य आहेत, आयुर्वेद महाविद्यालये आहेत, औषधनिर्माते आहेत. यांतील किती जण पिंपळी थेट मळ्यातून घेतात? मधल्या काळात सफेद मुसळीच्या लागवडीची लाट आली तेव्हा बेणे विकणाऱ्यांचे भले झाले आणि पिकवणारे हात चोळत बसले. तो अनुभव पानपिंपरीच्या वाट्याला येऊ नये, एवढे पाहण्याचे काम शासनाचे आहेच. पण जिल्ह्याजिल्ह्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचेही आहे. वैद्य, विद्यार्थी आणि बारी शेतकरी एका सतरंजीवर बसले तर ठरलेल्या प्रमाणात, ठरलेल्या दराने खरेदीचा करार होणे अवघड नाही. मेळघाटात मुळ्या खणणाऱ्या कोरकू बांधवांशीही असेच बोलावे लागेल. कंद सगळाच उपटला तर पुढच्या वर्षी डोंगरावर काही राहत नाही, हे त्यांना सांगण्याचा अधिकार त्यांना योग्य मोल देणाऱ्यालाच आहे.

कापसाला दरवर्षी हमीभाव जाहीर होतो. पिंपळीला तसा भाव नाही. वाळवलेले पोते घेऊन अंजनगावचा शेतकरी व्यापाऱ्याच्या ओट्यावर जातो, आणि वर्षभराच्या मेहनतीचे मोल त्याला तिथे, व्यापाऱ्याच्या तोंडून कळते.