नऊ रूपांच्या हिशेबात आमची माय-बहीण कुठे?

घटस्थापना झाली की सोलापुरात रूपाभवानीच्या देवळाकडे जाणारे रस्ते पहाटेपासून भरून वाहतात. पेठापेठांत मांडव पडतात, शक्तिदेवीच्या मूर्ती बसतात. पुढे कोजागिरीला लाखो पाय तुळजापूरची ४५ किलोमीटरची वाट तुडवतात. कोणी कोणाला भजावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. भारतीय संविधानाच्या २५व्या कलमाने तो अधिकार सर्वांना दिला आहे आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु या नऊ दिवसांत मांडवामांडवांतून एकच गोष्ट ऐकवली जाते. स्त्री ही देवीचे रूप आहे आणि या धर्माने तिला सर्वोच्च स्थान दिले आहे, अशी ती गोष्ट. हा दावा मात्र तपासलाच पाहिजे. कारण तो ऐकून आमच्या वस्त्यांतील भगिनीही पुन्हा घटाकडे वळू लागल्या आहेत.

दुर्गा सप्तशतीसोबत म्हटल्या जाणाऱ्या देवीकवचात ही नऊ रूपे सांगितली आहेत. शैलपुत्री, ब्रह्मचारिणी, चंद्रघंटा, कूष्मांडा, स्कंदमाता, कात्यायनी, कालरात्री, महागौरी आणि सिद्धिदात्री. ही नावे नीट वाचा. शैलपुत्री म्हणजे पर्वताची लेक, कात्यायनी म्हणजे कात्यायन ऋषीची लेक आणि स्कंदमाता म्हणजे स्कंदाची आई. नऊपैकी तिघींची ओळख बाप किंवा मुलगा यांच्यावरून! ब्रह्मचारिणीने तप केले ते नवरा मिळावा म्हणून. सातव्या रात्रीची कालरात्री काळी आणि भयंकर, तर आठव्या दिवशीची महागौरी गंगेत न्हाऊन गोरी झालेली. काळ्या रंगाने भ्यावे आणि गोऱ्या रंगाला हात जोडावेत, हा धडा कोण कोणाला शिकवत आहे?

बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथात याच मर्मावर बोट ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली तो प्रसिद्ध केला, तेव्हा केवढे वादळ उठले हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. वेदांतील देवी युद्ध करीत नाहीत, पुराणांतील देवी मात्र असुरांना मारतात, हा फरक बाबासाहेबांनी दाखवला. जे देव असुरांपुढे टिकले नाहीत, त्यांनी देवीला पुढे का केले, असा त्यांचा सवाल होता. आमचा सवाल त्याच्या पुढचा आहे. देवीच्या हाती शस्त्र देणाऱ्या या धर्माने घरच्या बाईच्या हाती पाटी-पेन्सिल का दिली नाही? त्यासाठी सावित्रीमाईंना शेण-माती झेलावी लागली, ती कोणाच्या हातची?

आता आमच्या वाट्याला आलेल्या देवी पाहू. त्या या नऊ नावांत नाहीत. महारवाड्याच्या, मांगवाड्याच्या कडेला होती ती मरीआई. पटकी आली की गाव तिला शांत करायला निघे. कोरडा अंगावर ओढून घेणारा पोतराज असे तो आमचाच. दुसरी यल्लम्मा. कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या भागातून सौंदत्तीच्या डोंगरावर पोरी वाहिल्या गेल्या. डोक्यात जट दिसली की देवीचे बोलावणे आले म्हणायचे आणि गळ्यात दर्शन बांधायचे. ज्या रेणुकेच्या नावाने हे चालले, तिची कथा काय सांगते? मनात आलेल्या एका विचारासाठी नवऱ्याने तिला मारण्याची आज्ञा दिली आणि मुलाने तिचे शिर उडवले. आधी शिर उडवायचे आणि मग तिलाच मखरात बसवायचे! बाईचा सन्मान म्हणतात तो हाच काय?

या जोगतिणींना माणसात आणायला कोणती देवी धावून आली नाही. जून १९३६ मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर बाबासाहेब उभे राहिले. हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे त्यांनी रोखठोक सांगितले. देवदासी प्रथेविरुद्ध कायदा मुंबई इलाख्यात १९३४ साली झाला, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्राचा नवा कायदा २००५चा. पोरींना सोडवले ते चळवळीने आणि कायद्याने.

बाईच्या इतर हक्कांचेही तसेच आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. लेकीला वारसा आणि बाईला घटस्फोटाचा हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतका जन्मजात वाटा महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, देशाच्या कायद्यात २००५ साली. त्या बिलाला विरोध करणाऱ्यांच्या घरीही देवीचे घट बसतच होते! आणि आजही अष्टमीला कुमारिकांचे पाय धुणाऱ्या याच महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ उरल्या.

सोलापूरची खरी शक्ती पाहायची असेल तर विडी वळणाऱ्या बायांकडे पाहा. सूप मांडीवर घेऊन दिवसभर बोटे झिजवणाऱ्या या बायांनी लाल बावट्याखाली लढून कुंभारीला घरे मिळवली. २००६ साली दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. कोणाला नवस बोलून ती मिळाली नाही, मोर्चे काढून मिळाली.

आता आमच्या वस्त्यांविषयी. बाई घट बसवते, नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसते, म्हणून तिला शिव्या देणारे कार्यकर्ते आम्ही पाहतो. वारावरून ठरणारे हे रंग वर्तमानपत्रांनी आणि साडीच्या बाजाराने रूढ केले, हे तिला समजावून सांगा; पण दटावू नका. वर्षभर चूल आणि मजुरी यांत अडकलेल्या बाईला या नऊ दिवसांत चार मैत्रिणी भेटतात, घराबाहेर पाऊल पडते. विहार समित्यांनी स्वतःला विचारावे, तिला हे विहारात मिळते काय? समितीत बाया किती आणि सतरंज्या अंथरायला किती?

याच दिवसांच्या शेवटी आमची अशोक विजयादशमी येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवतांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती नुसती पाठ करून भागणार नाही. बुधवार पेठेपासून खेड्यातल्या विहारापर्यंत या नऊ संध्याकाळी बायांच्या हाती द्या. एके दिवशी सावित्रीमाई, एके दिवशी हिंदू कोड बिल, एके दिवशी सातबाऱ्यावरचे नाव, एके दिवशी विडी कामगारांचा भविष्य निर्वाह निधी. भाषण बायांनी करावे आणि सतरंज्या पुरुषांनी अंथराव्यात.

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की समाजाची प्रगती ते त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. आपली मोजणीही तिथूनच व्हायची आहे. आमच्या माय-बहिणीला देवी म्हणू नका. तिला माणूस म्हणा आणि माणसाचा वाटा तिच्या पदरात टाका.