आभाळातला निरोप आणि शेजारची गच्ची

मंडळी, उपग्रह म्हटला की आपल्याला वाटते, इतक्या उंचावरचे बोलणे चोरून कोण ऐकणार? खरी गोष्ट उलटी आहे. तार एकाच घरात जाते. ३६,००० किलोमीटरवरचा भूस्थिर उपग्रह मात्र ऊन पडावे तसा संदेश टाकतो. साताऱ्यातल्या घरासाठी निघालेला निरोप सांगलीच्या गच्चीवरही पडतो. तिथे कोणी डिश लावून ऐकत बसला, तर आपल्याला पत्ताही लागत नाही.

ही नुसती शंका नव्हे. २०२५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सुमारे ८०० डॉलरच्या साहित्याने गच्चीवरून ३९ उपग्रहांचे संदेश तपासले. त्यांत लोकांचे फोनवरचे बोलणे आणि निरोपही कुलूप न लावता चाललेले सापडले.

कुलूप म्हणजे संदेश सांकेतिक करणे. पण बंदोबस्त खुद्द लहरींच्या पातळीवरही करता येतो. चोरून ऐकणाऱ्याला आपल्या माणसापेक्षा अस्पष्ट ऐकू येत असेल, तर किल्लीवाचूनही गुपित राखता येते, हे ॲरन वायनर यांनी १९७५ साली गणिताने दाखवले. वर्गात गलका चालू असताना पहिल्या बाकावरच्या मुलाला हळूच सांगितलेले मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, तसेच हे. म्हणून झोत अरुंद करायचा आणि इतर दिशांना मुद्दाम गोंगाट सोडायचा, अशा युक्त्या शोधल्या जात आहेत. मात्र आभाळातून येणारा झोत जमिनीवर कित्येक किलोमीटर पसरतो. शेजाऱ्याला तो वगळू शकत नाही. तेव्हा कुलूप हवेच, झोताचा बंदोबस्त ही वरची कडी.

पूर्वी असे संदेश पुणे जिल्ह्यातल्या आर्वीसारख्या मोठ्या भूकेंद्रात उतरत. आता ते थेट खेड्यात उतरणार. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम अशा जिल्ह्यांसाठी स्टारलिंकशी इरादापत्र केले. उद्या आमच्या पाटण-जावळीच्या डोंगरातही अशी सोय येईल, आणि ती यावीच.

"आपल्याकडे लपवण्यासारखे आहे काय?" असे काही जण म्हणतील. पण आरोग्य केंद्रातून जाणारा अहवाल एखाद्या बाईच्या आजाराचा असतो, शाळेतून जाणारी माहिती लेकरांची असते. ती उघडी टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? म्हणून माझे म्हणणे एवढेच: सेवा कोणत्याही कंपनीची असो, संदेशाला कुलूप कुठून कुठपर्यंत आहे आणि ते तपासणार कोण, हे करारात लेखी असावे. दुर्गम गावातला माणूस हे विचारायला येणार नाही. त्याच्या वतीने आपणच विचारले पाहिजे.

आपल्या गोतावळ्यात या क्षेत्रात नोकरी करणारी मुले-मुली आहेत. त्यांनी यावर जरूर लिहावे.