तिसऱ्या ताज्या आहेत, पण आल्या कुठून?

घरगुती सीफूड थाळी सुरू करणारे मला मार्जिन विचारतात. माल कुठल्या पाण्यातला, हे कुणीच विचारत नाही.

आपल्या भाईंदरला लागून वसईची खाडी. तिथे येणारी उल्हास नदी कारखान्यांच्या पट्ट्यातून वाहते. तिसऱ्या, कालवं पाणी गाळूनच जगतात. पाण्यात शिसं, कॅडमियम असेल तर ते त्यांच्या मांसात साठतं. मिठाच्या पाण्यात ठेवून रेती निघते, धातू नाही. उकळूनही जात नाही.

माझं मत स्पष्ट आहे: मावशींना रोज जागा विचारा, वहीत लिहा, अधूनमधून लॅबमध्ये नमुना तपासून घ्या. उत्तर मिळालं नाही, तर त्या दिवशी ती डिश बंद. एका दिवसाचा गल्ला जाईल, गिऱ्हाईक राहील.