नंतरचा शब्द, नंतरचा कागद

जमीन वापसीचा हुकूम झाला, की सावकाराचा माणूस पाड्यावर येतो. "झालं गेलं विसरू. हे थोडे पैसे घे, या कागदावर अंगठा दे. नाव तुझं राहू दे, कसतो मी." याला ते आपसातला समझोता म्हणतात. म्हणून आधीचा करार नंतरच्या बोलीने किंवा कागदाने बदलतो का, आणि कोर्ट ते कसं ठरवतं, हे आपण सगळ्यांनी समजून घ्यायला पाहिजे.

1872 च्या करार कायद्याचं कलम 62 सांगतं, की दोघांनी मिळून जुन्याच्या जागी नवा करार केला किंवा जुन्यात बदल केला, तर जुना पाळायची गरज नाही. यातला महत्त्वाचा शब्द 'दोघांनी' हा आहे. एकट्या मालकाने वहीत दर खोडून दुसरा लिहिला, तर तो बदल नव्हे. कोर्ट विचारतं : दोघं कबूल होते का? बदल्यात काय दिलं-घेतलं? नंतर दोघं वागले कसे?

समजा, गवताच्या ठेकेदाराने भाऱ्याचा दर साध्या कागदावर लिहून दिला. मग म्हणाला, भारे सडकेपर्यंत न्या, जास्त देतो. तीन आठवडे दिलेही, आणि पुढे नाही म्हणाला. असा तोंडी बदल साक्षीने शाबीत करता येतो. तीन आठवड्यांचा हिशेब हाच मोठा पुरावा.

जमिनीचं तसं नाही. पुरावा कायदा म्हणतो, जो करार कायद्याने लेखीच पाहिजे किंवा जो रजिस्टर झालाय, तो नंतरच्या तोंडी बोलीने बदलला असं सांगता येत नाही. आपले कितीतरी बाप-आजे अशा कागदांतच बुडाले. खरेदीखत रजिस्टर झालं, आणि कचेरीबाहेर सावकार म्हणाला, "पैसे फेड, जमीन तुझीच." आपण शब्दाला जागणारे, त्याचाही शब्द खरा धरला. कोर्टात साहेब विचारतो, परत द्यायची अट त्याच खरेदीखतात लिहिली आहे का? नसेल तर ते गहाण धरत नाहीत.

हा न्याय आम्हाला अर्धाच वाटतो. ज्याला लिहिता येतं त्याचा कागद बोलतो, ज्याला येत नाही त्याचं तोंड बंद. पण हाच नियम आपणही चालवायला शिकलं पाहिजे. "तूच नंतर जमीन सोडतो म्हणालास," असं जमीनदार म्हणाला, तर विचारा, कागद कुठाय? 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 15 प्रमाणे कुळाने जमीन सोडणं लेखी पाहिजे, आणि मामलतदाराने त्याची खात्री केलेली पाहिजे. तोंडी राजीनामा चालत नाही. कागद दाखवलाच, तरी नुसत्या अंगठ्याने भागत नाही. माणूस निरक्षर असेल तर कागद वाचून दाखवला होता का, त्याला समजला होता का, हे कोर्टाने पाहायचं असतं. ते पाहायला आपण लावलं पाहिजे.

आता त्या समझोत्याचं. दोघं राजी असोत, कागद पक्का असो, कायदा मोडणारा करार कोर्ट मानत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे 6 जुलै 1974 पासून आदिवासीची जमीन कलेक्टरच्या आगाऊ परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता, गहाण ठेवता किंवा खंडाने देता येत नाही. जमीन वापसीचा कायदा घटनेला धरून आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने 1984 साली दिलाय. एवढ्या लढ्याने मिळालेला हुकूम सावकाराच्या कागदाने फिरत नाही. आपण ताबा सोडला, की मात्र तो कागदावरच राहतो.

म्हणून आमचं म्हणणं असं. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. पाड्यावर चार माणसांसमोर वाचल्याशिवाय कुठल्याच कागदावर अंगठा नाही. फेडीची पावती घ्यायचीच. आणि रजिस्टर कचेरीत आदिवासीचा कागद त्याच्या बोलीत वाचून, समजावूनच नोंदवला पाहिजे, ही मागणी पुढच्या मोर्चात तहसीलदारापुढे ठेवायची.

भावांनो, बायांनो, वापसीची जमीन या पावसात आपल्याच नांगराखाली आली पाहिजे. समझोत्याचा कागद घेऊन कोणी आला, तर त्याला बसवून ठेवा आणि संघटनेला निरोप द्या.