दहा मिनिटांचा धबधबा

आमच्या भिशीत हल्ली साड्यांपेक्षा सहलींच्या गप्पा जास्त रंगतात. कुणी अंदमानला जाऊन आलेली असते, कुणी बालीला, कुणी मॉरिशसला. वर्धा, भंडारा, यवतमाळ, अगदी उमरेड-वणीच्या बायकाही आता ग्रुप करून विमानात बसतात. मला याचं मनापासून कौतुक वाटतं, कारण हे पैसे कसे जमतात ते मला ठाऊक आहे. घरखर्चातून वाचवलेले, शिवणकामाचे, शिकवण्यांचे, पापड-कुरड्यांचे! म्हणूनच एक प्रश्न विचारावासा वाटतो. एवढ्या कष्टाच्या पैशांत आपल्या वाट्याला नेमकं येतं काय?

मॉरिशसला आम्ही बावीस जणी गेलो होतो. बेट किती छोटं! आपल्या नागपूर जिल्ह्यात चार मॉरिशस आरामात मावतील. त्याच्या नैर्ऋत्येला चामारेलचा धबधबा आहे. ऐंशी मीटरहून उंच कड्यावरून पाणी थेट दरीत कोसळतं, भोवती गच्च हिरवं रान. आमच्या टूरवाल्याने तिथे किती वेळ द्यावा? दहा मिनिटं! "फोटो काढा आणि लवकर गाडीत बसा." त्याच दिवशी दुकानांसाठी मात्र दोन तास मोकळे. आमच्यातली वर्ध्याची एक वहिनी शेवटी म्हणालीच, "अहो भाऊ, एवढ्या दूर आलो, जरा डोळे भरून पाहू तर द्या नं!"

तिथून जवळच सात रंगांची माती आहे. लाल, तपकिरी, जांभळ्या छटांचे उघडे उंचवटे. गाईड म्हणाला, "चमत्कार आहे." खरं म्हणजे ती ज्वालामुखीच्या काळ्या खडकाची झिजून झालेली माती. लाखो वर्षांच्या ऊन-पावसात तिच्यातलं बाकीचं बरंच वाहून गेलं आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. हे रंग त्यांचेच.

आणि हा काळा खडक आपल्याला परका नाही बरं का! शास्त्रज्ञ असं मानतात, की हिंदी महासागराच्या तळाखाली खोलवर एक तप्त जागा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग तिच्यावर होता, तेव्हा लाव्ह्याचे थरांवर थर पसरून आपलं दख्खनचं पठार झालं. भारत पुढे उत्तरेकडे सरकत गेला, ती जागा मात्र तापतच राहिली. ८०-९० लाख वर्षांपूर्वी तिनेच मॉरिशस घडवलं आणि आता शेजारच्या रियुनियन बेटावर तिचा ज्वालामुखी जागा आहे. म्हणजे चिखलदऱ्याला भीमकुंडात पाणी ज्या काळ्या कातळावरून पडतं, तो आणि चामारेलचा कातळ एकाच चुलीवरचे! आपली कपाशीची काळी जमीनही त्याच कातळाची. हे ऐकल्यावर तो धबधबा दहा मिनिटांत पाहून होईल का?

नातं फक्त दगडांचंही नाही. या डोंगरांच्या पायथ्याशी मैलोन् मैल ऊस दिसतो. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले, त्यानंतर जवळजवळ पाच लाख माणसं करारावर इथे आली. त्यात मुंबई बंदरातून निघालेली आपली कोकणातली माणसंही होती. बाप्यांबरोबर बायाही. ज्या धक्क्यावर ती उतरली, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. आज त्यांचे वंशज घरात बहुधा क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकता येते आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. लग्नघरी बायका गातात ती भोजपुरी गीत-गवई २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आजीकडून नातीकडे आलेली गाणी!

आणि आपलं नागपूर? जानेवारी १९७५ मध्ये पहिलं विश्व हिंदी संमेलन इथेच भरलं, तेव्हा मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम मुद्दाम आले होते. आमच्या गाडीत यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. परफ्यूम कुठे स्वस्त, ते मात्र तीनदा सांगितलं.

दोष एकट्या टूरवाल्याचा आहे, असंही मला वाटत नाही. आपण मागतच नाही, तर मिळणार कसं? घरचं वळणच तसं. भीमकुंडाला गेलो तरी बाप्ये आणि पोरं पुढे कड्यापर्यंत जाऊन येतात. आपण सतरंजीवर डबे, चपला अन् बॅगा सांभाळत बसतो. "काहून जाता, पाय दुखतील," असं म्हटलं, की आपणही मुकाट्याने बसतो. तीच सवय परदेशात गाडीपर्यंत सोबत येते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रत्येक ठिकाणी किती वेळ देणार? खरेदीचे तास कमी करता येतील का? माहिती सांगणारा स्थानिक माणूस सोबत असेल का? एक अर्धा दिवस आमच्या मर्जीचा ठेवाल का? उत्तर कागदावर लिहून घ्या. आपण वीस-बावीस जणी मिळून मागितलं, तर कुणी नाही म्हणणार नाही. त्या अर्ध्या दिवसात आप्रवासी घाट पाहा, एखाद्या मराठी वस्तीत जा, तिथल्या बाईशी दोन शब्द बोला. सोबत सँडलऐवजी बूट घ्या. पावसापाण्याच्या दिवसांत धबधब्याखाली उतरू नका, सुरक्षित ठिकाणी उभं राहा, पण उभं राहा!

परदेश जमत नसेल, तर चिखलदरा आपलाच आहे. फक्त बॅगा सांभाळायची पाळी या वेळी घरच्या बाप्यांना द्या. तेही बसतील तासभर सतरंजीवर, काही बिघडत नाही. पैसे आपण जमवलेत, सुट्टी आपण काढली आहे. मग पाण्यासमोर किती वेळ थांबायचं, हेही आपणच ठरवूया की!