रस्त्यापलीकडचे मनोहर जोशी

खंडाळ्याच्या घाटात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाकडे पाहिले की मनोहर जोशी यांच्या कारकिर्दीचे मोजमाप सोपे वाटू लागते. 1995 ते 1999 या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. रस्ते विकास महामंडळ त्यांच्याच काळात स्थापन झाले आणि सार्वजनिक बांधकाममंत्री नितीन गडकरी यांनी या मार्गाचे काम नेटाने पुढे नेले. 2002 मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा सरकार दुसऱ्यांचे होते, पण श्रेय निर्णय घेणाऱ्यांचेच. मुंबईतल्या उड्डाणपुलांबद्दलही हेच म्हणावे लागेल.

मात्र रस्ता डोळ्यांना दिसतो, न्याय नाकारलेला दिसत नाही. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग याच सरकारने जानेवारी 1996 मध्ये गुंडाळला, काही महिन्यांतच त्याला पुन्हा नेमावे लागले, आणि 1998 मध्ये आलेला त्याचा अहवाल मात्र फेटाळला. चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे वचन तर फार थोडे पाळले गेले.

जोशी यांचे 2024 मध्ये निधन झाले. श्रद्धांजलीतल्या भाषणांनी कारकीर्द तोलता येत नाही. आमच्या मते बांधकामात हे सरकार उत्तीर्ण आहे, पण दंगलग्रस्तांना आणि रमाबाई नगरला न्याय देण्यात ते साफ नापास झाले.